आवक क्रमांक चारशे सतरा

त्या पत्रावर शिक्का मी मारला.
शाई पातळ झालेली, म्हणून दोनदा मारला.

शीतल मगदूम, कनिष्ठ अभियंता, मूळचे दुधगावचे.
खिशात वीतभर हातोडी.
मळीच्या तीन नंबर टाकीभोवती फिरायचे,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसे.
म्हणाले, "चांगला पत्रा बोलतो.
हा नुसता हूं म्हणतोय."

पत्र दीड पानी.
दहा मिलिमीटरचा पत्रा बुडाशी साडेतीनवर आलाय.
खाली ड्रायव्हर लोक सावलीला झोपतात,
त्यांना तरी उठवा.
हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलेलं.
तारीख नाही. "ऑफिसची असते की," म्हणायचे.

एमडींनी कोपऱ्यात लिहिलं, 'चर्चा करावी.'
मी फाईलची लेस बांधली.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मगदूम उठले.
सभासद नव्हते, तरी उठले.
"तीन नंबर टाकी" एवढंच बाहेर पडलं,
आणि मंडपातनं सवयीचा गलका,
"मंजूर! मंजूर!"
इतिवृत्त मीच लिहिलं.

मोळीपूजनाआधी टाकीला चंदेरी रंगाचे दोन हात दिले.
पलूसच्या फाट्यावरनं चमकताना दिसायची.

मळी चालत येते, असं आम्ही समजत होतो.
चौदा फेब्रुवारीच्या पहाटे ती धावली.
दस्तगीर मुलाणी. ऐवळे, दोघं भाऊ.
आणि एक पोरगा, ज्याचं नाव कुठल्याच हजेरीत नव्हतं.
नंतर पंधरा दिवस मुंग्या,
येरळेच्या काठापर्यंत,
आणि दारात सोडलेल्या चपलांत.

चौकशीला आवक रजिस्टर मागवलं.
ते मळीत बुडून वीट झालं होतं, पान सुटेना.
पत्र तेवढं वाचलं, वरच्या कपाटात होतं म्हणून.
शिक्क्यावर शिक्का.
अकरा तारीख लागते.
महिना आठ की दोन?
दोन असेल तर मधे तीनच दिवस,
तीन दिवसांत कोण काय करणार,
वकील खांदे उडवत म्हणाले.

मला उभं केलं.
एमडी माझ्या पलीकडच्या खिडकीकडं बघत होते.
मुलीची नोकरी याच कारखान्याच्या शाळेत.

मी आठ म्हणालो.
म्हणालो असं मला वाटतं.
साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "काय?"

मागच्या बाकावर मगदूम,
डोळे मिटून,
मान जराशी कलती,
ऐकत होते.