कानावर घालायचं ते

एकतीस वर्षं मी या शाळेच्या ऑफिसात
पत्रांच्या घड्या घालते आहे.
तीन घड्या, पाकीट, पत्ता, तिकीट.
ऑगस्ट म्हणजे माझ्या जिभेवर डिंकाची चव.

यंदा सहावीला एकशे अठरा मुलं.
पत्र चार भाषांत छापलं:
बसची वेळ, लसीचा दाखला, लॉकर, जेवणाचा फॉर्म,
आणि शेवटी, 'पालकांचा सहभाग आम्हाला मोलाचा वाटतो.'
हे वाक्य माझंच, कधीतरी लिहिलेलं,
दर वर्षी खाली चिकटवत आले.

फॉर्म परत आले नऊ.

तेव्हा गाडी काढून तोमासा इश्कोयकडे गेले,
गाव संपून मका सुरू होतो तिथल्या ट्रेलरवस्तीत.
पत्र फ्रीजवर होतं, चुंबकाखाली,
जरासुद्धा तिरकं नाही.
विल्मरने आईला वाचून दाखवलं होतं,
पाठपोट छापलेलं, दोन शब्दांत:
"मंगळवारी शाळा."
आम्ही तिला ऐटीत स्पॅनिश पाठवली होती.
तिची भाषा किचे.
ती तिला कुणी कागदावर दाखवलीच नव्हती कधी;
ती तोंडातून निघते
आणि कानात मुक्कामाला जाते.

मग कानावरच घालू, म्हटलं.

प्राचार्य ब्रँडवोल्ड म्हणाले,
"रात्री साडेअकराला? कारखान्याच्या फाटकावर?
व्हर्लीन, ओव्हरटाइम मिळणार नाही."
"मागितला कुणी?"

घडीचं टेबल, थर्मास, आणि वारा.
नेब्रास्काचा वारा कुणाचे कागद जागेवर ठेवत नाही,
म्हणून गठ्ठ्यांवर लॉकरची नवी कुलुपं ठेवली,
आकड्यांची, फिरवायची.

पाळी सुटली.
कपाळावर जाळीटोपीचे वळ,
अंगाला ब्लीचचा वास, आणि मांसाचा, ब्लीचखालून.
हलीमो वारसामे सोमालीत सांगू लागली,
तोमासाचा चुलत दीर किचेत,
मी मधे उभी, माझ्याच गावात मुकी.
कागद कुणी उचलला नाही.

सॉ ले वाहने कुलूप उचललं.
"हे काय?"
उजवीकडे दोन फेरे, चोविसावर थांबा.
डावीकडे एक पूर्ण, मग सहा.
पुन्हा उजवीकडे, बत्तीस.
आठ तास गारठ्यात सुरी धरलेली बोटं
मिटत नव्हती, उघडतही नव्हती.
त्याने त्यांच्यावर फुंकर घातली.
एकदा चुकला. दोनदा.
भोवती गर्दी; कुणी कॅरेनमध्ये आकडे सांगतंय,
कुणी हसतंय, कुणी म्हणतंय जरा मला दे.

उघडलं.
त्याने ते लगेच पुन्हा लावलं.
"घरी नेऊ? मुलगी झोपत नाही.
म्हणते, सगळ्यांचं उघडेल, माझं नाही,
आणि घंटा होईल."

हे माझ्या कुठल्याच फॉर्मवर नव्हतं.
पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.
मग दुसरी बोलली, तिसरा बोलला:
हा डाव्या कानाने ऐकत नाही,
ही भावाशिवाय बसमध्ये चढत नाही,
विल्मर दुपारचा डबा खातच नाही, कुत्र्याला देतो.
एक वाजता पाकिटं संपली.

सोमवारी ब्रँडवोल्डनी कुलुपं मोजली.
"चौतीस कमी आहेत."
"घरी गेलीत," म्हटलं. "अभ्यासाला."

पत्रातलं ते शेवटचं वाक्य मी खोडलंय.
त्या जागी काय लिहावं, सुचत नाही अजून.

मंगळवारी वरांड्यात अठ्ठ्याण्णव डिग्री,
पंखे नुसते फिरताहेत.
पॉ वाह लॉकरसमोर उभी राहिली.
कुलपाला हात लावण्याआधी
तिने बोटं ओठांशी नेली
आणि त्यांच्यावर फुंकर घातली.