जोड

बंदराच्या रस्त्याला माझं दुकान,
'कुबल मोटर रिवाइंडिंग'. पाटीतला 'ल' खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला,
तेव्हापासून वेंगुर्ल्यात नवखे मला 'कुब' म्हणतात.
दिवसभर जळके पंप येतात,
कलमांच्या बागांतले, कोळंबीच्या तळ्यांवरचे,
बर्फाच्या कारखान्याचा एक, नेहमीचाच.
जुनी तार कापायची, नवी भरायची.
वेढे मोजताना सातशेच्या पुढं कधीतरी चुकतो.

चुकतो, म्हणजे तिच्याकडे जातो.

लाल होती. जास्वंदीसारखी नाही,
पिकून काळपट आलेल्या रतांब्यासारखी.
शहाऐंशी साली कोल्हापूरच्या एका बँडवाल्याकडून आणली
एसटीत मांडीवर घेऊन,
फोंडा घाट उतरेपर्यंत दोन्ही पाय बधीर.
पहिल्याच पावसाळ्यात तिचा पिकअप मेला.
बहिणीच्या शिलाई मशीनच्या चाकावर
केसाहून बारीक तार गुंडाळली, साडेसात हजार वेढे,
तीन वेळा तुटली, चौथ्यांदा बोलली.
हा धंदा मला तिनं शिकवला, हे मी कुणाला सांगत नाही.

वाजवत नसलो की ती घुमायची.
तारेवर बोट टेकलं की गप्प.
ऑर्केस्ट्रातले म्हणायचे, बिघाड आहे, काढून टाक.
बिघाड नव्हता.
अर्थिंग नव्हतं गावात कुठंच धड,
माझ्या अंगातूनच जमिनीत जायची ती.

मातोंडच्या जत्रेत स्टुलावरून पडली.
मान तडकली, डोक्याच्या जरा खाली.
अॅरल्डाइट भरलं, रात्रभर सुतळीनं आवळून ठेवली,
वरून तांबडं बूट पॉलिश.
आणि वाइंडिंगचं मशीन घ्यायचं म्हणून
उभादांड्याच्या बस्त्यावला विकली, बावीसशेला.
त्यानं उलटीपालटी करून पाहिली.
अंगठा मानेवरून नेताना
तिथं जरासा थांबला.
मी म्हणालो, लाकडाची गाठ.

मशीन अजून आहे. चांगलं चालतं.

अकरा वर्षांनी त्याची बायको आली, कोसेसांव,
फुलाफुलांच्या चादरीत तिला गुंडाळून.
बस्त्याव पावसाआधीच गेला होता.
"ही तुमचीच होती मा?
तीन हजार दिलात तर बरां होयत."
खणात चार हजार होते, बर्फवाल्यानं सकाळीच दिलेले.
मी ती हातात घेतली. पालथी केली.
शोधावं लागलं नाही, नख आपोआप तिथंच गेलं.
म्हणालो,
मान तडकलेली आहे हिची. हजारही यायचे नाहीत.

का म्हणालो?
गिऱ्हाईक समोर आलं की किंमत पाडायची, ही जिभेची सवय?
की ती घरी आली असती
आणि रोज रात्री पालथी पडून
मला ती गाठ दाखवत बसली असती?

कोसेसांव चिडली नाही.
चादरीची टोकं बांधता बांधता म्हणाली,
"तेंका ठावक होता.
म्हणायचे, कुबलान जोड बरी दिल्यान."

मालवणची गाडी दोन दहाला सुटायची.
दुकानापासून स्टँड सात मिनिटांवर.
पावणेदोनला मी एका पंपाचं झाकण बसवत होतो,
चारही स्क्रू, हातानं,
सावकाश.

मालवणात कुणी घेतली, कितीला, माहीत नाही.
किनाऱ्याच्या हवेत तारा महिन्याभरात गंजतात,
बदलत असेल का कुणी?
एकदा आचऱ्याच्या एका लग्नात लाल गिटार दिसली,
मंडपाच्या मागून जाऊन पाहिली.
नवी होती. चिनी.

हल्ली पंप परत देताना
जोड कुठं आहे ते बोट ठेवून दाखवतो.
गिऱ्हाइकं कंटाळतात.
पाणी चढेल ना, एवढंच विचारतात.
चढेल, म्हणतो.
तरी त्यांचं बोट धरून
एकदा त्या जागेवरून फिरवतो.