सोळा बाय चोवीस

शुक्रवार पेठेत दुकान. पट्टी, काच, खिळा.
देव येतात, तालमीतले वस्ताद येतात,
तेराव्याच्या आदल्या दिवशी गेलेली माणसं येतात,
पासपोर्ट साइजची, मोठी करून पायजेत म्हणून.
सगळ्यांना चौकट देतो. विचारत कुणाला काही नाही.

फाल्गुनात विद्यापीठातल्या नेजदार बाई
कागदाची लांब नळी घेऊन आल्या, तुर्की तिकिटं लावलेली.
बारा फोटो, काका. शाहू स्मारकात लावायचेत.
काढणारी बेरीवान. कुर्द आहे. ती येणार नाही.
व्हिसा नाही?
तारीख आहे तिची.

नळीतून फोटो काढले, चहाचे कप ठेवून कोपरे दाबले.
आधी तिची लग्नं: करंगळीत करंगळी अडकवून
एका ओळीत नाचणाऱ्या बायका.
मग मेंढरं, मग वर्तमानपत्रातली नोकरी,
मग एक गल्ली, जिला एकच बाजू.
दुसऱ्या बाजूला विटांचा ढीग, आणि ढिगावर
एक म्हातारी, हातात दाराची कडी.
नुसती कडी.

महापुरात माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं.
ओसरल्यावर एकजण रिकामी चौकट घेऊन आला,
म्हणाला, यात आई होती.
त्या कडीपाशी माझी पट्टी जरा वाकडी कापली गेली.

बाई सांगत होत्या, मी माउंट कापत होतो.
पहाटे पाचला दार वाजलं. तीन कॅमेरे, कार्डं,
आईच्या औषधांची चिठ्ठीसुद्धा मुद्देमालात.
सरकारी वकील म्हणाला, तू तिथं काय करत होतीस?
फोटो काढत होते.
तेच विचारतोय.

पुरावा म्हणून जोडले तिचेच फोटो,
पान चाळीस ते एकशे बारा.
तिचा वकील म्हणाला, नोकरी आहे तिची, पगाराच्या पावत्या बघा.
पावत्याही पुराव्यात गेल्या.

कायद्याच्या चौकटीत बसत नाही म्हणे.
चाळीस वर्षं हेच करतोय मी.
फोटो बसत नसला तर पट्टी नव्यानं कापायची.
काहीजण फोटो कापतात.
त्यांच्याकडं गिऱ्हाईक नसतं असं नाही.

आमचा जिनाप्पा चौगुले, दैनिकात होता.
बिंदू चौकातल्या लाठीमाराचा रोल पोलिसांनी नेला,
वर केस घातली. अकरा वर्षं खेटे घालून निर्दोष सुटला,
तोवर रोलला बुरशी.
पुढं पासपोर्ट साइजच काढायचा.
सरळ बघा, सरळ बघा म्हणायचा,
स्वतः खाली बघत.

बेरीवान म्हणजे धार काढणारी. बाईंनीच सांगितलं.
त्या संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
ग्लासात फेस चढेपर्यंत
मी हळूच ते नाव म्हणून बघितलं.
म्हशीनं एक कान हलवला.

फोटो अकराच होते. दोनदा मोजले.
बारावा तिकडं कोर्टात, सील केलेल्या कार्डात,
दुसरी प्रत कुणाकडंच नाही.
तरी चौकटी बारा करा, बाई म्हणाल्या. सोळा बाय चोवीस.
त्यात काय आहे हे मी विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

प्रदर्शन झालं. अकरा विद्यापीठात गेल्या.
बारावी दुकानात, दाराशेजारी. सागवानी.
परवा तालमीतला एक पोरगा आला, वस्तादांचा फोटो घेऊन.
ही रिकामीच हाय की मामा. द्या.
बुक हाय.
कुणाची?
बेरीवानची.
कुठल्या पेठंतली?
तारीख हाय तिची, म्हटलं.

त्यानं मान डोलावली, सगळं समजल्यागत,
आणि दुसरी पट्टी बघायला लागला.