जास्त म्हणजे

मुरूनच्या प्रयोगशाळेत खिडकीला आतून बर्फ धरलंय.
सेंट्रिफ्यूज घरघरत थांबतं.
लुव्सानदोर्जच्या नळीत वर आलेलं सीरम
यंत्राआधीच सांगून टाकतं मला:
लार्चच्या डिंकासारखं पिवळं.

चेहरा वाऱ्यानं रापलाय, म्हणतो तो.
डोळे काही वाऱ्यानं रापत नाहीत.

दोन दिवस ट्रकमध्ये बसून आलाय,
पोट धरून.
रोज संध्याकाळी मेंढ्या मोजणारा माणूस,
आकड्यांना बिचकत नाही.
"किती आले?"
"बिलिरुबिन अकरा. लायपेज नऊशेच्या वर."

बोटांवर काहीतरी जुळवतो,
पेरं संपतात, पुन्हा पहिल्यापासून.
मग हळूच, टोपी हातात घेऊन:
"जास्त म्हणजे चांगलंच ना, ताई?"

मी नळीवरचं नाव परत वाचते.
अक्षर न् अक्षर त्याचंच.