ढाळ

आबांना उकिडवं बसवेना म्हणून
जुनं भांडं काढून कमोड बसवायचा, एवढंच ठरलं होतं.
सालेह चाऊसनं पहिला घण घातला
आणि दुपारपर्यंत निम्मी फरशी अंगणात.

बीडमधलं घर, बिडाचा पाइप,
पुढं सिमेंटचा. दोन्हींच्या मधे जोड:
सुतळी, शिसं, वर कुणाच्या तरी बोटांचे ठसे.
"असं काम आता कुणी करीना," चाऊस म्हणाला,
मग बॅटरी मारून थोडा वेळ गप्प.
"पर टिकलं न्हाई हे बी."

कॉलरच्या फटीतून एक मुळी शिरली होती,
आत तिचा झुपका झालेला
ओल्या केसांसारखा, चांगला हातभर.
त्यानं ओढला, ओढला,
आणि आम्ही सगळे मान वळवून
भिंतीपलीकडच्या सीताफळाकडं बघायला लागलो.

टँकरमागं धावायचो त्या साली
गल्लीतले कडुनिंबसुद्धा करपले होते.
हे तेवढं हिरवं.
आबा म्हणायचे, जातच चिवट, बालाघाटची.
आई म्हणायची, माझ्या हाताला गुण आहे.
ती असती तर
पदर तोंडाला लावून हसत बसली असती.

चार दिवस आम्ही दुधाट्यांकडं जात होतो,
आपली बादली घेऊन, मागच्या दारानं,
गल्ली झोपलेली बघून.
आबांना धरून नेताना मी
कापसाच्या भावाबद्दल बोलायची.

नवा पाइप मांडताना
पाण्याची नळी धरायला चाऊसनं मलाच बसवलं.
"फुटाला पाव इंच ढाळ, ताई.
जास्त दिला की पाणी पळतं म्होरं,
घाण बसती मागं."
मी नळी धरून बसले.
आबा उन्हात, खुर्चीवर, काहीतरी सांगत होते.
पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

शेवटी बादलीत नीळ कालवून ओतली.
"आली! आली!" चेंबरपाशी आबा ओरडले,
वेशीवर वरात दिसावी तसे.
सगळी निळाई, थेंब कुठं न मुरता.

संध्याकाळी काठी टेकत
ते तांब्याभर पाणी घेऊन झाडाकडं गेले.
"आता एवढंच," त्याला म्हणाले.

दरवर्षी दिवाळीत
दुधाट्यांकडं पाटीभर सीताफळं जातात.
"एवढी गोडी कशानं ओ?" काकू विचारतात.
आम्ही अजून
कुणी काही बोललेलो नाही.