सात चौकटी

कुताइसीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते
त्या त्सिआलाबाईंनी एकतीस वर्षं
रिओनी जंक्शनवर गाड्यांचं वेळापत्रक आखलं.
एक पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली,
आणि एक खोडरबर, जे त्यांनी
(अजून अभिमानाने सांगतात)
कोऱ्यासारखं परत केलं.

आता सकाळी पेपरातलं शब्दकोडं.
आडवे शब्द, सतरा : नियोजनाच्या उलट. सात चौकटी.
"तुमच्यात काय म्हणतात?"
जणू माझी भाषा शेजारच्या फलाटावर उभी आहे
आणि तिचा एखादा डबा सोडवून
इकडे जोडता येईल.

मी हाडांचं पुस्तक मिटते.
गोंधळ, म्हणते. पण तो तर आमच्याकडे देवीपुढे घालतात,
रात्रभर, संबळ वाजवून,
आणि त्याचीही आधी तयारी करावी लागते.
मग अवचित. त्याच्या पायात वहाणा नसतात.
मग बिनसणं :
कुणी काही केलेलं नसतं, तरी होतं.
बाई बोटांवर मोजतात.
बसत नाही.

बाईंनी स्वतःचं मरणही आखून ठेवलंय.
निळी वही, कपाटात, टॉवेलांखाली.
जेवायला दीडशे माणसं. बाकं कुणाकडून आणायची.
ग्वान्त्सा आणि तिचा दीर समोरासमोर नकोत.
काळा झगा इस्त्रीचा, मोजे नवे,
आणि अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण,
वाझाने, नवऱ्याने, शेवटच्या शरदात भरलेला,
तोंड चिकणमातीने लिंपलेलं :
"माझ्या दिवशी उघडायचा."

वाझा स्वतः वेलीखाली गेला, कात्री हातात,
एका मंगळवारी.
"मंगळवारी काहीच ठेवलेलं नव्हतं,"
एवढंच बाई म्हणतात त्यावर.

फेब्रुवारीत त्या रात्री वीज गेली. बर्फ गुडघाभर.
झाउरी मेणबत्ती मागायला आला,
त्याच्यामागे त्याचा पोतीचा भाऊ, ज्याची बस घाटात अडकून परतली,
आणि भावामागे, टोपी काढून, बसचा ड्रायव्हर,
कारण त्याला तरी कुठे सोडणार.
कुणी चीज आणलं, कुणी मक्याची भाकरी, गार.
प्यायला काही नव्हतं.
एक शांतता झाली, आणि त्या शांततेत
सगळ्यांना रांजण माहीत होता.

बाई उठल्या. फावडं त्यांनीच घेतलं.
मी नुसता टॉर्च धरला.

मधाच्या रंगाची वाईन, थंड, मातीचा वास असलेली.
पहिला प्याला कुणाच्या नावाने उचलायचा
हे सांगणारा म्होरक्या नेमायचं सुचलं नाही कुणाला,
म्हणून ड्रायव्हरच उभा राहिला
आणि म्हणाला :
"ज्याने हे भरलं, त्याला."
नाव त्याला माहीत नव्हतं.
बाईंनी प्याला एका दमात संपवला.
घड्याळ मी पाहिलं. दोन चाळीस.
त्यांनी नाही.

सकाळी त्या रांजणात वाकून बघत होत्या.
निम्म्याच्याही खाली.
म्हणाल्या, आमच्याकडे एक क्रियापद आहे,
त्यात माणसाचा दोष नसतो,
गोष्टच त्याच्या हातून होऊन बसते.
मी म्हटलं, आम्ही अशा वेळी 'जाणं' मदतीला घेतो :
प्यायलं गेलं.
कुणाकडून, ते वाक्य सांगत नाही.
आणि त्याच शब्दाने आम्ही माणूसही पोचवतो.
वाझा गेला.

"एकच शब्द?"
एकच.
त्या बराच वेळ रांजणाच्या काठावर बोट फिरवत राहिल्या.

सतरा आडवा अजून कोरा आहे.
निळ्या वहीत मात्र रांजणाची ओळ खोडलेली,
रबराचा चुरा पानाच्या शिवणीत तसाच,
आणि दीडशेच्या खाली
पेन्सिलीने वाढवलेला एक पाहुणा :
बसचा ड्रायव्हर.
पुढे बारीक अक्षरात :
नाव विचारायचं राहून गेलं.