टाकी भरून परत

बिसेनच्या पोराने गाडीभोवती चक्कर मारली,
मोबाईलवर एकेक ओरखडा टिपला,
मागच्या दारावरचा, बंपरखालचा,
आरशाच्या कानाला गेलेला तडा.
"हे आधीचे हायेत काकू. नवीन निंगाला तं पैसे."
म्हटलं, माझेही टिपून घे बाबू, मागून भांडण नको.
तो हसला नाही. कागद पुढे केला.
संध्याकाळी सहाच्या आत. टाकी भरून परत.

तेजलने तिकडच्या समुद्रातून,
नखाएवढ्या बेटावरून, बोलून धाडलं होतं:
आई, सुट्टी होती, भाड्याची गाडी घेतली,
समुद्र सतत डाव्या हाताला,
आणि जेवायच्या वेळी जिथून निघालो तिथेच पुन्हा.
बेट संपलं गं.
मागे वारा, कुणाचं तरी हसू, आणि एक कोंबडा.
कोंबडा मात्र अगदी आपल्याकडचा.

मी एकोणतीस वर्षं शाखा डाकघरात शिक्के मारले.
मोहटोला, सावरबोडी, पाथरगोटा,
धरणाच्या फुगवट्याआड उरलेली गावं
रोज माझ्या हाताखालून गेली:
मनीऑर्डरी, राख्यांची पाकिटं, कोर्टाच्या तारखा.
थैली नावेने जायची.
मी गेले नाही.
तिन्ही बाजूंना पाणी, चौथीला कालवा,
म्हणजे बेटच की. कोणी म्हणत नाही, इतकंच.
आता कालव्यावर पूल झालाय,
आणि साठीनंतर काढलेलं लायसन
पर्समध्ये पोथीसारखं जपलेलं.

पूल ओलांडला. पाणी डाव्या हाताला ठेवलं.
तिसरा गियर काही पडेना, नाही तर नाही.
कापलेल्या बांध्यांत लाखोळी निळी फुललेली,
मोहटोल्यात म्हैस रस्त्याच्या मधोमध बसलेली.
हॉर्न दिला. तिने एक कान हलवला.
मी खाली उतरून तिला विनंती केली.

सावरबोडीच्या फाट्यावर म्हातारीने हात केला.
"रासनच्या दुकानापर्यंत सोडून देता काय बाई?"
पुढे बसली, पिशवी मांडीवर,
आणि पहिल्याच खड्ड्याला समोरची फळी घट्ट धरली.
तो अंगठा मी ओळखला.
मधोमध आडवी चीर, विळ्याची असावी,
दर महिन्याला पावतीवर निळा होऊन माझ्याकडे यायचा.
फुलवंता रहांगडाले. दोनशे रुपये, पाठवणारा मुलगा, नागपूर.
मग एका दिवाळीनंतर पावती आली नाही.
पुढच्या महिन्यातही नाही.
मी तेव्हा रजिस्टर दोनदा चाळलं होतं.
"कोणाच्या इथं चालल्या?" तिने विचारलं.
"कोणाच्याच नाही. अशीच."
"अशीच?" तिने मला, मग गाडीला नीट पाहिलं.
"डिझल लागत असन ना पण."

पाथरगोट्याच्या पुढे रस्ता उतरत गेला
आणि सरळ पाण्यात शिरला.
पाटी नाही, दगड नाही, काहीच नाही.
डांबर तसंच खाली चाललेलं दिसत होतं, मधली पांढरी रेघसुद्धा,
आणि लांब पलीकडच्या काठावर
तोच रस्ता ओलाचिंब बाहेर निघालेला,
जसं काही झालंच नाही.

रिव्हर्स मला येत नाही.
हे बिसेनच्या पोराला सांगितलं नव्हतं.
डोमाजी मारबते जाळं तिथंच टाकून आला,
काचेवर टकटक केली, मागे जाऊन उभा राहिला:
"येऊ द्या. येऊ द्या. थोडं अजून.
बाभूर हाये तिकडं, बाभूर!
झालं. लागली थोडीशी. जाऊ द्या."
पाण्याखाली त्याचं घर कुठं, ते त्याने बोटाने दाखवलं.
मी पाहिलं. तिथं पाणीच होतं.
"कागदं येत जायची ना नावेनं," तो म्हणाला,
"आता पूल झाला तं कोणी लिहितच नाही."

आले त्याच वाटेने, पाणी उजव्या हाताला.
रासनच्या दुकानाला कुलूप होतं, ओट्यावर कोणी नव्हतं.
पंपावर टाकी भरली. अडीच लिटर. पंपवाल्याने दोनदा पाहिलं.
पोराने पुन्हा चक्कर मारली,
डाव्या दाराशी थांबला, बोट फिरवलं:
"हा नवीन हाय काकू."
हो, म्हटलं. हा माझा.